फोटोतली हळद किती पिवळी?

समजा, सांगलीतल्या हळदीच्या सौद्याचा फोटो हौशी फोटोग्राफर एकमेकांना दाखवतायत. एक म्हणतो, "पिवळा अजून वाढव." दुसरा म्हणतो, "कडेचा हमाल क्रॉप कर." तुम्ही हा फोटो संशोधनात वापरणार असाल तर जरा थांबा. बाजारात कोण राबतं, याचा पुरावा तो आता राहिला नाही. हमालच गेला ना! २०१६ मध्ये स्टीव्ह मॅक्करी यांच्या क्यूबातल्या फोटोत फेरफार दिसला आणि मोठा वाद झाला. पण लोकांना 'चांगला' फोटो कसा हवा असतो, हा तुमचा प्रश्न असेल, तर हेच शेरे तुमचा डेटा. म्हणून आधी प्रश्न ठरवा, मग मूळ आणि एडिट केलेली, दोन्ही फाइल मागा. साताऱ्याच्या राजवाड्यासमोरचा फोटो असला तरी नियम तोच.