पंखा लावताय? पाती बसवायच्या आधी ती एक पिन बघा

जिंतूर (वार्ताहर) : मागच्या वैशाखात आमच्या घरातला पंखा खाली पडला. दुपारची वेळ होती, लाईन गेलेली, म्हणून सगळी माणसं बाहेर लिंबाखाली बसलेली. बटण चालूच राहिलं होतं. लाईन आली, पंखा फिरायला लागला आणि पाच-दहा मिनिटांत आतून धाडकन आवाज आला. जाऊन बघतो तर पंखा बाजेवर. तिन्ही पाती वाकडी, बाजेचा एक गात मोडलेला. त्या बाजेवर रोज दुपारी माझी पुतणी झोपते.

वर पाहिलं तर दांडा हुकाला तसाच लटकत होता. म्हणजे हुक तुटला नव्हता, स्लॅबही फुटला नव्हता. दांड्याच्या खालच्या टोकाला मोटर ज्या बोल्टवर अडकवलेली असते तो बोल्टच निसटला होता. पंख्याच्या थरथरीने नट हळूहळू सैल झाला, गळून पडला, मग बोल्ट सरकत सरकत बाहेर आला. बोल्टच्या टोकाला बारीक भोक असतं. त्यात स्प्लिट पिन घालून तिचे दोन्ही पाय उलटे वाकवायचे असतात, म्हणजे नट सैल झाला तरी बाहेर पडत नाही. आमच्या बोल्टला पिनच नव्हती. पंख्याचं खोकं माळ्यावर होतं, त्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत ती पिन तशीच सापडली. लावणाऱ्याने घातली नाही आणि आम्ही कोणी विचारलं नाही.

आता लग्नसराई आहे. आंदणात पंखे आलेत, उन्हाळा तापलाय आणि मिस्त्री मिळत नाही म्हणून घरोघरी पोरंच शिडी लावून पंखे टांगतायत. म्हणून हे लिहितोय.

आधी पंखा कसा असतो ते बघू. आपल्याकडच्या सीलिंग फॅनमध्ये मोटरचा मधला भाग दांड्याला घट्ट बसलेला असतो, तो फिरत नाही. फिरतं ते बाहेरचं कवच, आणि पाती त्या कवचालाच स्क्रूने जोडलेली असतात. १२०० मिलिमीटर म्हणजे ४८ इंची पंखा असं म्हणतात तेव्हा ते एका पात्याचं माप नसतं, तिन्ही पाती फिरून जो गोल होतो त्या गोलाची ती रुंदी असते. दांड्याच्या वरच्या टोकाला हुकात अडकणारा भाग असतो, तिथे एक रबर येतं. तेही पुष्कळदा पिशवीतच राहतं. ते नसलं की लोखंडावर लोखंड घासतं, खरखर येते आणि दोन-चार वर्षांत हुक झिजतो.

आता पाती. माझं म्हणणं असं की मोटर आणि दांडा आधी वर टांगावा, पाती नंतर लावावीत. खाली जमिनीवर पाती लावून पंखा उचलला की कुठेतरी टेकतो, पात्याचा हात जरासा वाकतो आणि मग आयुष्यभर पंखा डुलतो. पात्याची रंगाची, चकचकीत बाजू खाली. प्रत्येक स्क्रूला वॉशर घालायचाच. तिन्ही पाती आधी हाताने सैलसर बसवायची, मग फिरून फिरून थोडं थोडं पिळत आणायची. एकच पातं कचकचून आवळून दुसऱ्याकडे गेलात तर ते एका बाजूला बसतं.

तिन्ही पाती एकाच खोक्यातली हवीत. कारखान्यात ती वजन जुळवून एका संचात भरलेली असतात. आपल्याकडे एक पातं वाकलं की भंगारवाल्याकडून तसलंच दिसणारं दुसरं आणून लावतात. दिसायला सारखं असलं तरी वजनात थोडा फरक निघतोच, आणि मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फेऱ्यांत तेवढ्या फरकाने सगळा पंखा हलतो. तो हलला की नट सैल होतो, आणि पुढचं वर सांगितलंच आहे. एक पातं गेलं तर तिन्ही बदला.

पंखा डुलतोय का हे बघायची साधी रीत आहे. पंखा बंद करून एका पात्याच्या टोकाशी छताला उभी काठी धरा आणि टोकापाशी खूण करा. मग काठी न हलवता हाताने दुसरं पातं तिथे आणा, मग तिसरं. तिन्ही टोकं त्याच खुणेवर यायला हवीत. एक वरखाली असेल तर त्याचा स्क्रू सैल आहे किंवा हात वाकलाय. धूळही बघा. सोयाबीन, तुरीच्या मळणीचा भुसा पात्यांवर थरच्या थर बसतो, एकावर कमी, एकावर जास्त. पुसताना एक हात पात्याच्या खाली आधाराला ठेवा, नुसतं वरून रेटू नका.

आमच्या भागात अजून एक उद्योग चालतो, पाती पिळायचा. संध्याकाळी पंखा मंद होतो, हवा लागत नाही, मग कोणीतरी सांगतं की पात्यांना जरा जास्त तिरकस कर. दोष पात्यांचा नसतो, व्होल्टेजचा असतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर मोटरचा जोर जवळपास चाळीस टक्क्यांनी उतरतो. त्यात पाती पिळली की मोटरवर ओझं वाढतं, ती आणखी मंद होते आणि तापते. पात्याचा तिरकसपणा मोटरच्या ताकदीला जुळवूनच ठरवलेला असतो. दिवसाही मंद फिरत असेल तर आधी कंडेन्सर तपासा. आणि पंखा जोरात फिरूनही हवा लागत नसेल तर दिशा बघा. खाली उभं राहून वर पाहिलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरायला हवा, पात्याची वरची कड पुढे. रिवाइंडिंग करून आणलेल्या पंख्याच्या वायरी उलट जोडल्या तर तो हवा छताकडे फेकतो.

नवीन घेणार असाल तर डब्यावरचे स्टार बघा, १ जानेवारी २०२३ पासून ते लेबल सक्तीचं आहे. जुना पंखा साधारण ७० ते ७५ वॅट खातो, बीएलडीसी तीस-पस्तीसमध्ये भागवतो आणि व्होल्टेज खालीवर झालं तरी बराचसा एकसारखा फिरतो. महाग आहे, हेही खरं.

पत्र्याच्या घरात मात्र जपून. पाती जमिनीपासून आठ फुटांच्या आसपास हवीत आणि वर पत्र्यापासून फूटभर जागा, नाहीतर पंख्याला हवा ओढायलाच मिळत नाही. पत्रा उतरता असला की हे दोन्ही जमत नाही. मग लोक दांडा कापतात. दांडा कापला की बोल्टचं आणि पिनचं भोक जातं, नवं भोक वाकडंतिकडं पडतं. दुकानात आखूड दांडा मिळतो, तो आणा. लेकराला खांद्यावर घेऊन पंख्याखाली उभं राहून बघा, म्हणजे उंची कळेल.

आणि करंट. लोखंडी पाईपला हुक, हुकाला पंखा, त्याच पाईपवर पत्रा आणि पत्र्याला कपडे वाळत घालायची तार. पंख्याची वायर आत कुठे सोलली तर करंट तारेपर्यंत उतरतो. हिरव्या वायरीला अर्थिंग द्या. काम करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडा. खेड्यातल्या कित्येक घरांत बटण न्यूट्रलवर लावलेलं असतं, पंखा बंद दिसतो पण वायरीत करंट असतो.

आमचा नवा पंखा मी स्वतः लावला. पिन घातली, पाय वाकवले, पुतणीला शिडीवर चढवून दाखवलं. जुनी वाकडी पाती फेकली नाहीत. दोन ज्वारीच्या वावरात दांडक्यावर बसवलीत, वारा आला की फिरतात आणि खालच्या डब्यावर टणटण वाजतं. पाखरं पहिले आठ दिवस घाबरली.