मनगटावरचे यंत्र – ९ : बंदरावरची घड्याळखरेदी

‘क्रूझवर घड्याळ स्वस्त मिळतं म्हणतात, खरं का?’ गेल्या आठवड्यात अधिकृत विक्रेते आणि ग्रे मार्केट यांच्याविषयी लिहिले, त्यावर आलेल्या पत्रांत हाच प्रश्न सर्वांत जास्त होता. विचारणारे साधारण दोन गटांत मोडतात. न्यूजर्सी किंवा टेक्सासमध्ये घर केलेली, थंडी पडली की कॅरिबियन समुद्राकडे पळणारी मंडळी हा पहिला गट. त्यांच्याकडे सहा महिन्यांसाठी गेलेले आणि मुलांच्या हौसेपायी बोटीवर चढलेले आईबाबा हा दुसरा. प्रश्न एकच असला तरी दोघांची उत्तरे वेगळी आहेत. घड्याळ घेऊन तुम्ही शेवटी कोणत्या देशात उतरणार, यावर ते तुम्हाला कितीला पडले हे ठरते.

कॅरिबियनमध्ये घड्याळांची दुकाने दाटीवाटीने असलेली बंदरे बरीच आहेत. सेंट मार्टिनच्या डच भागातले फिलिप्सबर्ग आहे, केमन बेटांवरचे जॉर्जटाउन आहे. पण हा सगळा व्यवहार समजून घ्यायला सेंट थॉमस सर्वांत सोयीचे. हे बेट डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि तिथले शार्लट अमाली हे बंदर डॅनिश राजवटीनेच अठराव्या शतकात सर्व देशांच्या जहाजांना खुले केले. साखर, रम आणि गुलाम केलेली माणसे यांचा व्यापार इथून चाले. १९१७ साली अमेरिकेने अडीच कोटी डॉलर मोजून सेंट थॉमससह आजची अमेरिकन व्हर्जिन बेटे विकत घेतली, मात्र सीमाशुल्काच्या हद्दीबाहेरच ठेवली. झेंडा अमेरिकेचा, चलन अमेरिकेचे, जकातीचा हिशेब वेगळा, अशी ही गंमत आहे. डॅनिश व्यापाऱ्यांनी माल साठवायला बांधलेल्या जाड भिंतींच्या वखारींत आता हिरे आणि स्विस घड्याळे विकली जातात. चित्रकार कामीय पिसारो १८३० साली याच गावात जन्मला आणि त्याचे घर याच बाजाराच्या रस्त्यावर होते, हे बोटीवरून उतरणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते. ठाऊक असले तरी सवड कुणाला आहे? बोट सकाळी लागते आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते.

आता किमतीकडे. परदेशी घड्याळावर कर तीन ठिकाणी बसू शकतो : दुकानदार माल आणतो तेव्हा, ग्राहकाला विकतो तेव्हा, आणि ग्राहक तो माल घेऊन स्वतःच्या देशात शिरतो तेव्हा. दुकानाच्या दारावरची ‘ड्युटी-फ्री’ पाटी पहिल्या ठिकाणाबद्दल बोलत असते. सेंट थॉमसमध्ये विक्रीकर नाही, म्हणून दुसरे ठिकाणही सुटते. तिसरा कर माफ करणे दुकानदाराच्या हातात नसतेच. तो तुमचा आणि तुमच्या सरकारचा मामला. ‘इथे घेतलं की काही भरावं लागत नाही’ असे विक्रेता छातीठोकपणे सांगतो, तेव्हा तो त्याच्यापुरते खरेच बोलत असतो.

न्यूजर्सीकरांचा हिशेब मांडू. घड्याळ पाच हजार डॉलरचे आहे असे धरा. न्यूजर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे ३३१ डॉलर. बेटावर ते वाचले. परतताना अमेरिकेतील रहिवाशाला एरवी ८०० डॉलरपर्यंतची खरेदी शुल्काविना आणता येते. अमेरिकन व्हर्जिन बेटांवरून येताना ही मर्यादा १,६०० डॉलर होते, आणि एकाच घरात राहणारे, एकत्र परतणारे कुटुंबीय आपापल्या मर्यादा एकत्र करू शकतात. चौघांचे घर असेल तर ६,४०० डॉलर. आपले घड्याळ त्यात आरामात बसते. फक्त सोबतच्या आईबाबांना या बेरजेत धरू नका. ते पाहुणे आहेत, रहिवासी नाहीत.

तर हाती आलेली पक्की बचत ही अशी : सव्वातीनशे-साडेतीनशे डॉलर. कायद्याच्या काटेकोर भाषेत तीही पूर्ण तुमची नाही, कारण बाहेरून कर न भरता आणलेल्या वस्तूवर न्यूजर्सीला ‘यूज टॅक्स’ देणे लागते. तो किती जण भरतात, हा या लेखमालेचा विषय नाही! शिवाय शेजारच्या डेलावेअर राज्यातही विक्रीकर नाही. तिथे गाडीने जाऊन सावकाश, दोनदा विचार करून घड्याळ घेता येते आणि बोट चुकण्याची भीती नसते. करापुरतेच बोलायचे तर कॅरिबियनला जायचे काही कारण नाही.

मग स्वस्ताईची ख्याती आली कुठून? दुकानदाराच्या सवलतीतून. बंदरावरची दुकाने एकाच रस्त्यावर एकमेकांना खेटून असतात, गिऱ्हाईक फक्त बोट लागलेली असताना येते आणि बहुधा पुन्हा कधीच येत नाही. म्हणून तिथे छापील किमतीखाली उतरण्याची तयारी असते आणि घासाघीस चालते. मात्र ही सवलत ब्रँडच्या मर्जीवर आहे. ज्या कंपन्यांचा माल शोकेसमध्ये मुबलक पडलेला असतो, तिथे विक्रेता सहज खाली येतो. रोलेक्सचे अधिकृत विक्रेते जगात कुठेच किंमत पाडत नाहीत, आणि गाजलेली मॉडेले तर प्रतीक्षायादीवर असतात. बोटीतून उतरलेल्या अनोळखी माणसासाठी ती काउंटरखालून निघत नाहीत. तेव्हा ‘क्रूझवर स्वस्त’ हे विधान कुठल्या घड्याळाबद्दल आहे, एवढे आधी विचारावे. हव्या असलेल्या मॉडेलची आपल्या शहरातली प्रत्यक्ष किंमत, म्हणजे छापील नव्हे तर तिथला विक्रेता खरोखर ज्या आकड्याला देईल ती, लिहून खिशात ठेवली तर बेटावरचे बोलणे पाच मिनिटांत आटोपते. ती नसेल तर तुम्ही फक्त विक्रेत्याने खोडलेला आकडा आणि त्याखाली लिहिलेला आकडा यांची तुलना करत बसता.

बोटीवर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच खरेदीविषयी एक भाषण होते. हसतमुख मार्गदर्शक पडद्यावर घड्याळे, टांझानाइट, हिरे दाखवतो, फुकट पेंडंटची कुपने देतो आणि बंदराचा नकाशा वाटतो. त्यावर ‘शिफारस केलेली’ दुकाने ठळक छापलेली असतात. या यादीत येण्यासाठी दुकाने पैसे मोजतात. यात लबाडी आहे असे माझे म्हणणे नाही. नकाशा ही जाहिरात आहे आणि जाहिरातीसारखीच वाचावी, इतकेच. यादीतली बरीच दुकाने चांगली असतात, काही हमीही देतात. पण यादीबाहेरचे दुकान फसवेच असेल, असा त्या भाषणाचा जो सूर असतो, त्याला आधार नाही. खुद्द घड्याळकंपनीच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची गावनिहाय यादी असते. ती घरून निघतानाच फोनमध्ये उतरवून घ्यावी. समुद्रात इंटरनेट महाग असते.

बोटीवरच्या दुकानांचे गणित निराळे. ती बंदरात बंद असतात. बोट समुद्रात निघाली की उघडतात, कारण त्यांची करमाफी किनाऱ्यावर चालत नाही. मोठ्या जहाजांवर आता नामांकित स्विस कंपन्यांचे स्वतंत्र कक्ष असतात, माल अस्सल असतो, वातावरण निवांत असते. शेवटच्या दिवसांत मधल्या चौकात स्वस्त फॅशन घड्याळांचे टेबल लागते आणि त्याभोवती झुंबड उडते. त्या घड्याळांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. सेल संपला की बरीचशी ड्रॉवरमध्ये जातात.

खरी तपासणी कागदाची. महागडे घड्याळ विकत घेताना तुम्ही पुढच्या काही वर्षांची दुरुस्तीही विकत घेत असता. रोलेक्स आणि ओमेगा आज पाच वर्षांची आंतरराष्ट्रीय हमी देतात, पण ती अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या घड्याळाला. कार्डावर अनुक्रमांक आणि खरेदीची तारीख असली पाहिजे, आणि तो अनुक्रमांक घड्याळावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. दुकानात भिंग मागायला लाजू नये. ‘कंपनीची नाही, पण आमच्या दुकानाची गॅरंटी आहे’ असे कुणी म्हटले तर प्रश्न साधा आहे : दोन वर्षांनी घड्याळ बंद पडले तर पुण्याहून सेंट थॉमसला पाठवणार का? पट्ट्याच्या काढलेल्या कड्या मागून घ्याव्यात. दुकानातल्या घाईत त्या हटकून राहतात आणि पुढे मनगट जाड झाले की आठवतात.

दोन गोष्टी विक्रेता सांगतो पण नीट समजावत नाही. ‘३० मीटर वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे ते घालून तीस मीटर खोल जाता येते असे नव्हे. तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे. हात धुताना उडालेले पाणी तेवढे ते सोसते. बोटीवरच्या पोहण्याच्या तलावात उतरायचे तर १०० मीटरचे असावे. आणि डायलवर ‘क्रोनोमीटर’ लिहिले असेल तर स्विस संस्थेच्या कसोटीत त्या यंत्राचा सरासरी दैनिक फरक उणे चार ते अधिक सहा सेकंदांत बसलेला असतो. साध्या क्वार्ट्झ घड्याळाची अचूकता त्याहून बरीच जास्त असते. हजारो डॉलर अचूकतेसाठी जात नाहीत, हे माहीत असून द्यायचे तर खुशाल द्यावेत.

अचूकतेचा विषय निघालाच आहे, तर याच समुद्रात तिची सर्वांत मोठी परीक्षा झाली होती. जमीन दिसेनाशी झाल्यावर आपण पूर्व-पश्चिम किती सरकलो हे कळायला निघालेल्या बंदराची वेळ अचूक ठाऊक हवी. चार मिनिटांची चूक म्हणजे एक अंश रेखांशाची चूक. हालत्या, खारट हवेच्या जहाजावर तशी वेळ राखणारे यंत्र जॉन हॅरिसन या सुताराच्या पोराने बनवले. त्याचे चौथे यंत्र मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे होते. १७६१ च्या नोव्हेंबरात त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन इंग्लंडहून डेप्टफर्ड जहाजावर चढला. जमैकाला पोचल्यावर हिशेब झाला तेव्हा ८१ दिवसांत ते जेमतेम पाच सेकंद मागे पडले होते. तरीही अशा यंत्रासाठी ठेवलेले सरकारी बक्षीस ज्याच्या हाती होते त्या मंडळाने खळखळ केली, पुन्हा चाचणी मागितली आणि १७६४ साली विल्यमला बार्बाडोसची वारी करावी लागली.

क्रूझच्या प्रवाशाला घड्याळाचा उपयोग आजही तोच, म्हणजे बोटीची वेळ सोबत बाळगणे. मेक्सिकोचे कोझुमेल बेट वर्षभर एकच वेळ पाळते. उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या वेळेवर चालणाऱ्या बोटीहून ती एक तास मागे असते. किनाऱ्यावर पाऊल ठेवताच फोन आपोआप स्थानिक वेळेवर जातो आणि त्यावर भरवसा ठेवणारे धक्क्यावरून बोट जाताना बघतात. बोटीच्या वेळेवर लावलेले पाचशे रुपयांचे घड्याळ तिथे पाच हजार डॉलरचे काम करते.

आता आईबाबांचा हिशेब, कारण त्यांना मुंबईत उतरायचे आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांनी परतणाऱ्या भारतीयाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या मालाची सूट दिली आणि त्यावरच्या रकमेला अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क होते. मर्यादा आणि दर सरकार बदलत असते, तेव्हा निघण्याआधी ताजे नियम बघावेत. पण गणिताची जात कळायला हे आकडे पुरेत. दोन लाखांच्या घड्याळावर दीड लाखाला शुल्क, म्हणजे ५७,७५० रुपये. अमेरिकेत कुटुंबाची बेरीज चालते, आपल्याकडे दोघांच्या मर्यादा एकत्र करता येत नाहीत. त्यात भारतीय कार्डाने पैसे दिले असतील तर परकीय चलनाचा अधिभार वेगळा. बेटावर समजा वीस टक्के सवलत मिळाली असली, तरी ती इथे संपते, वर खिशातूनच जाते.

‘मनगटावर घातलं की ड्युटी लागत नाही’ ही समजूत मात्र अमर आहे. त्या नियमांतच ‘अंगावर असलेला किंवा सामानातला’ माल असे स्पष्ट म्हटले होते. घड्याळांबाबत आपला कायदा मुळातच संशयी आहे, आणि त्याला इतिहास आहे. बंगळुरूच्या एचएमटीत जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळे बनू लागली ती १९६१ च्या सुमारास. आयातीवर कडक बंधने होती, आणि कोकणच्या खाड्यांत रात्री उतरणाऱ्या मालात सोन्याच्या बिस्किटांबरोबर स्विस घड्याळेही असत. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ मध्ये म्हणूनच सोन्याच्या पंगतीला घड्याळांचे नाव आहे. तस्करीचा माल असल्याच्या वाजवी समजुतीने अधिकाऱ्याने घड्याळ जप्त केले, तर ते तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ते सापडले त्याची. तस्करीचा तो काळ गेला, कलम अजून आहे.

म्हणून आईबाबांना माझा सल्ला असा की मर्यादेच्या आत बसणारे घड्याळ आवडले तर जरूर घ्या. त्यावरचे घ्यायचे असेल तर मुंबई-पुण्यातल्या अधिकृत विक्रेत्याचा भाव आधी काढा, तोही सवलत देतो. स्वित्झर्लंडसह चार देशांशी भारताने केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून स्विस घड्याळांवरचे आयातशुल्क त्यानुसार टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. थांबण्याची तयारी असलेल्याला इथलाच बाजार अनुकूल होत चालला आहे. आणि घरातले जुने भारी घड्याळ घालून परदेशी निघाला असाल, तर जाताना विमानतळावरच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. नाहीतर परतताना तुमच्याच घड्याळाची पावती तुम्हाला शोधावी लागेल.

(पुढच्या आठवड्यात : सर्व्हिसिंग कधी करायचे, कंपनीकडे की गल्लीतल्या घड्याळजीकडे?)