कुंड वज्रेश्वरीचं, किरण परळचे

अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून बसलेल्या माणसाला सांगून पाहा, की या उबेत किरणोत्साराचाही वाटा आहे. तो दचकून पाय बाहेर काढेल. काढायचं काहीच कारण नाही. पृथ्वीच्या पोटातून बाहेर येणाऱ्या उष्णतेतली साधारण निम्मी उष्णता युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या अणूंच्या संथ विघटनातून येते. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, तिथं तापतं आणि वज्रेश्वरीच्या परिसरात, तानसा नदीच्या काठाला, पुन्हा वर येतं.

हेच अणुविघटन फार थोड्या मात्रेत वापरून, इथून सुमारे ७५ किलोमीटरवर परळला डॉक्टर एक अवघड प्रश्न सोडवतात: उपचार झालेला प्रोस्टेटचा कॅन्सर परत आलाय खरा, पण तो आहे नेमका कुठे? त्या तपासणीचं नाव पीएसएमए पेट स्कॅन. तिच्यात रसायनशास्त्रातलं भाकीत आहे, प्रतिद्रव्य आहे आणि मेथीची भाजीसुद्धा आहे.

आधी एक काळजीची गोष्ट

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथं दुखरे गुडघे आणि कंबर घेऊन येणारी वडीलधारी मंडळी खूप. गरम पाण्यानं आखडलेले स्नायू सैल होतात, बरं वाटतं. पण प्रोस्टेटचा कॅन्सर पसरला, तर तो अनेकदा कंबरेच्या, कण्याच्या आणि ओटीपोटाभोवतीच्या हाडांतच जातो. म्हणून ज्या काकांचं किंवा आजोबांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय किंवा त्यांनी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलंय, त्यांची कंबर नव्यानं दुखू लागली तर आधी रक्तातला पीएसए तपासावा, मग खुशाल कुंडावर जावं. पायातली ताकद अचानक कमी झाली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आला असेल, तर उशीर फार महाग पडतो.

एक मायक्रोग्रॅमसुद्धा नाही

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी बनवलेलं प्रथिन. ऑपरेशन करून ग्रंथी पूर्ण काढली, की रक्तातला पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवा. पुढे कधीतरी तो एका मिलिलिटरमागे ०.२ नॅनोग्रॅम किंवा त्याहून वर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच निघाला, तर कॅन्सर परतला असं धरतात. अंगातल्या सगळ्या रक्तद्रवाचा हिशेब मांडला, तर ०.२ या पातळीला पीएसएचं एकूण वजन एक मायक्रोग्रॅमही भरत नाही. इतका बारीक इशारा साध्या रक्ततपासणीत पकडला जातो! रेडिएशन घेतलेल्यांचा नियम वेगळा आहे. त्यांची ग्रंथी जागेवरच असते, म्हणून उपचारानंतर पीएसए ज्या नीचांकाला पोचला, त्याच्या वर २ नॅनोग्रॅम वाढ झाली की घंटा वाजते.

पण पीएसए फक्त ‘आहे’ एवढंच सांगतो, ‘कुठे’ ते सांगत नाही. सीटी स्कॅनला लिम्फच्या गाठी आकारावरून ओळखाव्या लागतात. साधारण आठ-दहा मिलिमीटरच्या आतली गाठ त्याला निरोगीच वाटते. हाडांच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये पीएसए बराच चढेपर्यंत सहसा काही दिसत नाही. एरवी बहुतेक कॅन्सरमध्ये साखरेच्या रेणूवर चालणारा पेट स्कॅन करतात. तोही इथं फारसा उपयोगी नाही, कारण प्रोस्टेटच्या बहुतेक कॅन्सरपेशी सुरुवातीला साखर फार खातच नाहीत. आकडा हातात आहे, पण पुढचा रस्ता नाही, अशा अवस्थेत कितीतरी घरांनी महिनेच्या महिने काढले आहेत.

पहिला नेम चुकला

प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचं प्रथिन खच्चून भरलेलं असतं. त्याचा माग १९८७ मध्ये लागला आणि १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग केंद्रात त्याचं जनुक हाती आलं. त्याच्यावर नेम धरणारं पहिलं औषध, प्रोस्टासिंट, अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालं. पण त्यातलं प्रतिपिंड या प्रथिनाच्या पेशीच्या आतल्या टोकाला चिकटायचं. जिवंत, धडधाकट पेशीत ते शिरणार कसं? त्यामुळे मुख्यतः मेलेल्या किंवा फुटलेल्या पेशीच त्याच्या तावडीत सापडायच्या.

पुढच्या शास्त्रज्ञांनी पेशीच्या बाहेर डोकावणाऱ्या भागावर नेम धरला आणि तोही अवजड प्रतिपिंडाऐवजी एका चिमुकल्या रेणूनं. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये तयार झालेला पीएसएमए-११ हा रेणू २०११ मध्ये पहिल्यांदा रुग्णाला दिला गेला आणि काही वर्षांतच जगभर पोचला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला मान्यता दिली. ती कुठल्या औषध कंपनीला नव्हे, तर कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यापीठांना मिळाली. भारतातल्या मोठ्या केंद्रांत त्याच्या आधीपासूनच हा स्कॅन होत होता, हे आवर्जून सांगायला हवं.

मेंडेलीव्हनं आधीच सांगितलं होतं

हा रेणू नेम धरतो, पण चमकायला त्याला गॅलियम-६८ लागतं आणि ते जर्मेनियम-६८ पासून मिळतं. आता गंमत पाहा. १८७१ मध्ये रशियाच्या मेंडेलीव्हनं आपल्या तक्त्यात काही घरं मोकळी ठेवली आणि तिथं कोणती मूलद्रव्यं सापडतील, त्यांचे गुणधर्म कसे असतील हे लिहून ठेवलं. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं, १८८६ मध्ये जर्मेनियम. दोन्ही त्या मोकळ्या घरांतली! प्रोस्टेटच्या रुग्णाचं चित्र आज त्याच दोन शेजाऱ्यांच्या नात्यावर उभं आहे.

शुद्ध गॅलियम जेमतेम २९.८ अंशांना वितळतं. तळहातावर ठेवलं तरी त्याचं पाणी होतं. अकलोलीच्या कुंडात तर विचारायलाच नको.

गायीची धार काढायची

जर्मेनियम-६८ चं अर्धायुष्य सुमारे २७१ दिवसांचं, गॅलियम-६८ चं फक्त ६८ मिनिटांचं. म्हणून रुग्णालयं जर्मेनियम भरलेला एक छोटा, शिशाचं कवच असलेला जनरेटर आणून ठेवतात. आत जर्मेनियमचं सतत गॅलियम होत राहतं. सकाळी त्यातून सौम्य आम्ल सोडलं की गॅलियम तेवढं बाहेर येतं. या कामातली मंडळी जगभर जनरेटरला गाय म्हणतात आणि या क्रियेला धार काढणं. आपल्याकडच्या गोठ्यात शोभेल असंच हे काम आहे: एकदा धार काढली की तासाभरात निम्मी कास पुन्हा भरते, तीन-चार तासांत पुढची धार काढता येते आणि एक गाय नऊ-दहा महिने ते वर्षभर पुरते.

अंतर मोजायचं अर्धायुष्यात

गॅलियम इतक्या झटपट संपतं, की ते गाडीत घालून लांब नेण्यात अर्थ नाही. समजा, परळहून निघून ठाणे-भिवंडी-अंबाडीमार्गे वज्रेश्वरीला यायला दोन तास लागले. तेवढ्यात गॅलियमचे दर दहातले सात अणू संपलेले असतील. याच कामाला फ्लोरिन-१८ जोडलेली औषधंही आहेत. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं, तरी या प्रवासात तेही निम्म्याहून कमी उरेल. म्हणून इथं औषध रुग्णाकडे येत नाही, रुग्णानंच औषधाकडे जायचं असतं. फ्लोरिन-१८ बनवणारं सायक्लोट्रॉन यंत्र किंवा गॅलियमचा जनरेटर जवळ असेल, तिथंच असा स्कॅन होतो.

आपल्या जिल्ह्याचं नशीब थोर, की देशातला या विषयाचा जुना बालेकिल्ला मुंबईतच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. कॅन्सरचं रुग्णालय अणुऊर्जेवाल्यांकडे कसं, असा प्रश्न पडला असेल, तर त्याचं उत्तर या स्कॅनमध्येच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळलाच, टाटाच्या शेजारी आहे. देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये तिथंच सुरू झालं आणि भारतात पेट स्कॅनची सुरुवातही तिथूनच झाली.

वसईच्या केळ्यातलं प्रतिद्रव्य

गॅलियमचा अणू फुटताना बहुतेक वेळा पॉझिट्रॉन बाहेर पडतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचं प्रतिरूप, खरंखुरं प्रतिद्रव्य. काही मिलिमीटर जातो न जातो तोच त्याला इलेक्ट्रॉन भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. यंत्राचं कडं ते दोन्ही एकाच क्षणी टिपतं आणि त्यांच्यातली सरळ रेषा आखतं. अशा कोट्यवधी रेषा जिथं जमतात, तिथं औषध साचलेलं असतं.

प्रतिद्रव्य ऐकून घाबरू नका. केळ्यातल्या पोटॅशियममुळे वसईच्या केळ्यातूनही तास-दोन तासांत एखादा पॉझिट्रॉन निघतोच. इंजेक्शन दिल्या क्षणी मात्र सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात दर सेकंदाला साधारण १४ कोटी अणू फुटत असतात. फरक प्रचंड, पण अल्पजीवी: दहा अर्धायुष्यांत, म्हणजे अकरा-साडेअकरा तासांत, हजारावा हिस्साही उरत नाही.

डोळ्यांतली आसवं आणि ताटातली मेथी

पीएसएमएचं चित्र पहिल्यांदा पाहणारे नातेवाईक हादरतात. तोंडाजवळ, डोळ्यांपाशी, मूत्रपिंडांत, आतड्यात लख्ख ठिपके! तो कॅन्सर नव्हे. हे प्रथिन लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, मूत्रपिंड आणि लहान आतड्यातही असतं. आतड्यात तर त्याला नेमून दिलेलं काम आहे. मेथी, पालक, अळू अशा पालेभाज्यांतल्या फोलेटची लांब शेपटी कापून ते शरीराला शोषता येईल असं करायचं. मेंदूतही ते आहे. म्हणून रिपोर्ट वाचणं हे जाणकाराचंच काम. पोटातल्या मज्जातंतूंचे गुच्छ कधीकधी गाठीसारखे दिसतात आणि काही फ्लोरिनयुक्त औषधांनी फासळ्यांवर उगीचच ठिपके उमटतात. मोबाईलवर फोटो मोठा करून घरच्या घरी निष्कर्ष काढू नये.

किती पीएसएला किती दिसतं?

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात ६३५ पुरुष होते, सगळ्यांचा पीएसए उपचारानंतर वाढलेला. पीएसए ०.५ च्या खाली असताना स्कॅननं ३८ टक्क्यांमध्ये जागा दाखवली. ०.५ ते १ मध्ये ५७ टक्के, १ ते २ मध्ये ८४, २ ते ५ मध्ये ८६ आणि ५ च्या वर ९७ टक्के. या आकड्यांत दोन्ही बाजू आहेत. इतक्या कमी पीएसएला दहातल्या जवळजवळ चौघांमध्ये जागा सापडणं, हे जुन्या साधनांना स्वप्नातही जमलं नसतं. पण स्कॅन कोरा आला म्हणजे कॅन्सर नाही, असं मात्र नाही. आणि पीएसए वाढेपर्यंत थांबून, ‘दिसू दे, मग बघू’ म्हणणंही बरोबर नाही. कमी पीएसएलाच रेडिएशनचा गुण जास्त येतो. कोऱ्या स्कॅननंतर काय करायचं, हे डॉक्टरांशी बसून ठरवायचं.

जागा कळल्यानं काय बदलतं? बरंच काही. पूर्वी रेडिएशन अंदाजानं ग्रंथीच्या जुन्या जागेवर दिलं जायचं. आता कळतं, की अनेकांत कॅन्सर तिथं नसून ओटीपोटातल्या एखाद्या गाठीत, कधी गुदाशयाला लागून असलेल्या नेहमीच्या कक्षेबाहेरच्या गाठीत, तर कधी एका हाडात आहे. २०१८ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात ४३१ रुग्णांपैकी ५१ टक्क्यांचा उपचाराचा बेत स्कॅननंतर बदलला. पीएसए परत वाढलेल्यांमध्ये तर ६२ टक्क्यांचा.

दाखवतो तोच मारतोही

नेम तोच ठेवायचा, पण रेणू थोडा वेगळा घ्यायचा आणि त्याच्यावरचं मूलद्रव्य बदलायचं. गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-१७७ बसवलं, की तो कॅन्सरपेशीला चिकटून जवळच्या जवळ मारा करतो. २०२१ च्या व्हिजन चाचणीत, इतर उपचार थकलेल्या ८३१ पुरुषांमध्ये या औषधानं आयुष्याचा मध्यांक ११.३ वरून १५.३ महिन्यांवर नेला. लाळग्रंथींवरही थोडा मारा होतो, म्हणून तोंड कोरडं पडतं. हे ल्युटेशियम आपल्या तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीतही बनतं.

स्कॅनला निघताना

या स्कॅनसाठी सहसा उपाशी राहावं लागत नाही. उलट पाणी भरपूर प्यावं (मुंबईला १८९२ पासून आपल्याच तानसाचं पाणी जातंय!), म्हणजे लघवीवाटे निघणारं औषध मूत्राशयात साचून शेजारची बारीक गाठ झाकणार नाही. इंजेक्शननंतर साधारण तासभर थांबायचं, मग स्कॅन. घरी परतल्यावर त्या दिवसापुरतं नातवंडांना मांडीवर घेऊ नये आणि गरोदर सुनेपासून जरा लांब बसावं. सोबत पीएसएचे जुने सगळे रिपोर्ट तारखांसकट, ऑपरेशननंतरचा गाठीचा रिपोर्ट आणि हार्मोनचं इंजेक्शन कधी घेतलं त्याची नोंद न्यावी. ती तारीख विसरू नका. हार्मोनच्या उपचारानं पेशींवरचं पीएसएमए कमी-जास्त होतं आणि चित्र वाचणाऱ्या डॉक्टरांना ते आधी माहीत असावं लागतं.