माशाचा मेंदू भरून येतो, आपला का नाही?

हर्णेच्या बंदरात दुपार कलली की होड्या परतू लागतात. वाळूवरच लिलाव पुकारले जातात आणि पापलेट, सुरमई, हलवा, बांगडा यांच्या राशी लागतात. या राशींकडे आपण भाव आणि चव या दोनच नजरांनी पाहतो. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र माशाच्या डोक्यात काय चालले आहे याचे फार कुतूहल आहे. हाडांचा सांगाडा असलेल्या ज्या ज्या माशांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला, त्यांच्या मेंदूत मासा पूर्ण वाढल्यावरही नव्या चेतापेशी तयार होताना दिसल्या. काही जातींमध्ये तर मेंदूला झालेली जखमही भरून येते. पक्षाघाताने आडवे झालेले माणूस ज्या घरात आहे, त्या घराला या वाक्याचे मोल वेगळे सांगायला नको.

हे कोडे उलगडायला प्रयोगशाळेत निवडला गेला तो झेब्राफिश. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळसर पट्टे असलेला हा मासा मुळात आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नाल्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. आज जगभर त्याच्यावर संशोधन चालते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था इथेही तो काचेच्या टाक्यांतून पोहताना दिसेल. माणसाच्या जवळजवळ 70 टक्के जनुकांचे भाऊबंद या माशात सापडतात, म्हणून त्याची गोष्ट आपल्याही कामाची.

जखमेची हाक

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मिखाएल ब्रांड आणि चाग्हान किझिल यांच्या गटाने या माशाच्या मेंदूला बारीक सुईने जखम केली. काही तासांतच तिथे दाह सुरू झाला. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या पहारेकरी पेशी, जखमेभोवती गोळा झाल्या. पुढे मेंदूतल्या मूळपेशी विभागू लागल्या आणि त्यांच्यापासून नव्या चेतापेशी घडल्या. मूळपेशी म्हणजे अजून कोणतेच ठरावीक काम न पत्करलेली पेशी. ती स्वतःसारख्या पेशी तयार करते आणि गरजेप्रमाणे चेतापेशीही घडवते.

प्रश्न असा होता की दाह हा दुरुस्तीतला अडथळा आहे की तिची सुरुवात? संशोधकांनी औषधाने दाह दडपला तेव्हा दुरुस्ती मंदावली. मग त्यांनी उलटा प्रयोग केला. जखम न करताच यीस्टच्या पेशीभित्तिकेतला एक पदार्थ मेंदूत सोडून नुसता दाह घडवला, तर मूळपेशी जाग्या झाल्या. शेवटी त्यांनी दाहाच्या वेळी सुटणारा एकच रेणू दिला, ल्यूकोट्राइन सी-4. तेवढ्यानेही मूळपेशींना विभागण्याचा आदेश मिळाला. हे काम 2012 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले.

ल्यूकोट्राइन आपल्याला अनोळखी नाही. दम्यात श्वासनलिका आवळून धरणारे रेणू याच कुळातले. त्यांचा शोध लावणारे स्वीडनचे बेंग्ट सॅम्युएलसन 1982 च्या नोबेलचे एक मानकरी होते. दमेकऱ्यांना दिली जाणारी मॉन्टेलुकास्ट ही गोळी याच रेणूंचा निरोप पेशीपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणजे छातीत त्रास देणारा निरोप्या माशाच्या मेंदूत दुरुस्तीची वर्दी देतो.

बावटा उतरला पाहिजे

मग आपल्या मेंदूत हेच का घडत नाही? दाह तर आपल्याकडेही होतो. 2003 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मिशेल मोन्ये, हिरोकी तोडा आणि थिओ पामर यांनी उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांवर प्रयोग केला. डोक्याला किरणोपचार दिल्यावर हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागात दाह होई आणि नव्या चेतापेशींची निर्मिती कोसळे. दाह शमवणारे इंडोमेथासिन दिल्यावर ती बरीचशी परत आली. इंटरल्यूकिन-6 हा रोगप्रतिकार यंत्रणेचा निरोप्या मूळपेशींना चेतापेशी होण्यापासून रोखतो, असेही त्यांना दिसले.

तीनच वर्षांनी इस्रायलमधल्या मिखाल श्वार्ट्झ यांच्या गटाने दुसरी बाजू मांडली. ज्या उंदरांत टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेतल्या एका प्रकारच्या पेशी, नव्हत्याच, त्यांच्यात नव्या चेतापेशी कमी बनत होत्या. म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणा पुरती गप्प केली तरी नुकसानच.

हर्णेच्या माणसाला याची संगती सहज लागेल. बंदरावर वादळाचा बावटा चढला की होड्या माघारी येतात, माणसे वाचतात. तोच बावटा महिनोन् महिने खाली उतरला नाही, तर मासेमारी बसते आणि गाव उपाशी पडते. माशाच्या मेंदूत दाहाचा बावटा चढतो, काम उरकते आणि तो उतरतो. आपल्या मेंदूत तो बहुधा रेंगाळतो. भोवतालच्या पेशी घट्ट व्रण तयार करतात. त्या व्रणाने जखम आवरली जाते, पण नव्या पेशींची वाटही अडते. शिवाय माशाच्या मेंदूत मूळपेशींच्या वसाहती डझनाहून अधिक, आपल्याकडे मोजक्याच. प्रौढ माणसात त्या कितपत कामात असतात यावर वाद आहे. 2013 च्या एका अभ्यासाने मेंदूच्या प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे 700 नव्या चेतापेशींचा अंदाज दिला, तर 2018 मधल्या दुसऱ्या अभ्यासाला प्रौढांत त्या जवळपास दिसल्याच नाहीत.

असे असले तरी वाट बंद नाही. ड्रेस्डेनच्या गटाला 2016 मध्ये दिसले की अल्झायमरशी निगडित प्रथिन माशाच्या मेंदूत साठले, तर इंटरल्यूकिन-4 मूळपेशींना कामाला लावते. पुढे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मूळपेशींनाही त्याने बळ दिले. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये 2015 साली म्हाताऱ्या उंदरांना सहा आठवडे मॉन्टेलुकास्ट दिल्यावर त्यांच्या मेंदूतला दाह घटला, नव्या चेतापेशी वाढल्या आणि शिकण्याची क्षमता सुधारली. म्हणून कुणी ती गोळी स्मरणशक्तीसाठी मनाने घेऊ नये. तिचे मनोविकारांशी निगडित दुष्परिणाम पाहून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये तिच्यावर कडक इशारा छापायला लावला आहे.

आपल्या राज्यातही या पेशींवर मूलभूत काम झाले आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांनी ताण, नैराश्य आणि हिप्पोकॅम्पसमधल्या नव्या चेतापेशी यांचे नाते अनेक वर्षे तपासले. त्यांना 2022 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेतल्या शुभा टोळे यांनी गर्भावस्थेत हिप्पोकॅम्पस घडतो कसा, याचा शोध घेतला.

विकत मिळणारी आशा

हे सगळे सविस्तर सांगण्याचे कारण एकच. 'मूळपेशी' हा शब्द आज बाजारात मोठ्या किमतीला विकला जातो. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, पक्षाघात यांवर इंजेक्शनने नव्या चेतापेशी उगवतील, असे सांगणारे दवाखाने आहेत आणि जमीन गहाण टाकून तिथे जाणारी कुटुंबेही आहेत. पण नुसती मूळपेशी आत सोडून काय होणार? तिला उठवणारा, थांबवणारा आणि जागा दाखवणारा निरोप अजून आपल्याला माणसात नीट देता येत नाही. दाह पेटलेल्या मेंदूत सोडलेली पेशी बहुधा तगतच नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारे मूळपेशी-रोपण हेच मान्य उपचार आहेत. बाकी सारे संशोधन, आणि ते नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवे. स्वमग्नतेसाठी मूळपेशी देऊ नयेत, अशी भूमिका राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये घेतली. तेव्हा कुणी असा उपचार सुचवला तर दोन प्रश्न जरूर विचारा: ही चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत कोणत्या क्रमांकाने आहे, आणि संशोधन असेल तर आमच्याकडून पैसे का घेता? उत्तर टाळले गेले, तर पैसे हातात ठेवून फिजिओथेरपीसाठी घरी परत या. पक्षाघातानंतर उरलेल्या चेतापेशी नवे जोड तयार करतात, आणि रोजच्या सरावाने त्यांना मदत होते. उपयोग होतो हे सिद्ध झालेला हा मार्ग गावातही मिळू शकतो, आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितका बरा.