शाळेची वेळ बदलणाऱ्या चित्राताई

पिंपळे गुरवमधल्या एखाद्या बांधकामावर सकाळी पत्र्याआड डोकावलं, तर आई घमेली वाहत असते आणि आठ-नऊ वर्षांची लेक धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाळूच्या ढिगाजवळ बसलेली असते. शाळा भरते तीच वेळ भावाला सांभाळायची. पोरगी शाळेत जाणार कधी?

पुणे जिल्ह्यात हा प्रश्न जिद्दीनं हाती घेतला तो डॉ. चित्रा नाईक यांनी. १९१८ साली पुण्यात जन्मलेल्या चित्राताई १९५३ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकल्या. शिक्षणविषयक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे त्यांचे पती. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाचं काम करून पुढे त्या राज्याच्या शिक्षण संचालक झाल्या. एवढ्या मोठ्या पदानंतर माणूस सहसा समित्यांवर रमतो. चित्राताई खेड्यांकडे वळल्या.

त्यांच्या पुढाकारानं कोथरूडच्या भारतीय शिक्षण संस्थेनं १९७९ पासून जिल्ह्यातल्या गावांत अनौपचारिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. गुरं राखणारी, शेतात राबणारी, भावंडं सांभाळणारी मुलं दिवसा मोकळी नसतात, हे आधी मान्य केलं. मग वर्गच संध्याकाळी नेले. रोज साधारण दोन तास. पुस्तकं या मुलांसाठी वेगळी लिहिली. चौथीपर्यंतचा अभ्यास दोनेक वर्षांत उरकेल अशी आखणी केली. शिकवायला शक्यतो गावातलंच माणूस. वर्गात मुलीच जास्त असत, कारण घरकामामुळे शाळा आधी सुटायची ती त्यांचीच.

आणि परीक्षेऐवजी बालजत्रा! आसपासच्या गावांची मुलं एकत्र जमायची. खेळता खेळता, वाचून दाखवताना, गणितं सोडवताना त्यांना काय येतं ते कळायचं. नापासाची धास्ती नाही, की मान खाली घालून घरी जाणं नाही. या साऱ्या कामातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते.

चित्राताईंना १९८६ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे त्या नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या. २०१० मध्ये त्यांचं निधन झालं.

बांधकामावरची ती मुलगी मात्र अजून तिथेच आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिला वयाला साजेशा वर्गात, वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला तो नाकारता येत नाही. आपल्या सोसायटीशेजारी असं मूल दिसलं, तर त्याच्या आईबापांना हे सांगा आणि जवळच्या महापालिका शाळेपर्यंत त्यांच्यासोबत जा.