अलास्काच्या समुद्रांत सॅल्मनची शिकार

मासे धरण्याची हकीकत आमच्यासारख्या शाकाहारी माणसानें लिहावी, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु सिअॅटल येथें स्थायिक झालेल्या आमच्या भाच्यानें मध्यंतरीं एका ऑगस्ट महिन्यांत आम्हांस आग्रहानें बरोबर नेलें, आणि त्या दिवशीं जें पाहिलें तें सांगितल्यावाचून राहवत नाहीं.

अलास्काच्या आग्नेय भागांत, बारानॉफ बेटावर सिटका नांवाचें लहानसें बंदर आहे. रशियानें अलास्काचा मुलूख अमेरिकेस विकला, त्या वेळचा हस्तांतराचा समारंभ १८६७ सालीं येथेंच झाला. आज तेथें पुष्कळ प्रवासी सॅल्मनसाठीं येतात. मुंबईच्या बाजारांत रावसाला कोणी 'इंडियन सॅल्मन' म्हणतात. पण त्या दोहोंचें कांहीं नातें नाहीं. खरा सॅल्मन नदीच्या गोड्या पाण्यांत जन्मतो, समुद्रांत वाढतो, आणि पुढें पाण्याच्या वासाची खूण धरून बहुधा आपल्याच नदींत परत येतो. अलास्कांतील किंग, कोहो, सॉकाय, पिंक व चम या पांचही जाती अंडीं घातल्यावर मरतात.

पहांटे आम्ही भाड्याच्या बोटीनें निघालों. बोटीचा मालक हाच चालक आणि हाच वाटाड्या. त्यानें आधीं प्रत्येकाचा मासेमारीचा परवाना तपासला. पश्चिमेस एजकम ज्वालामुखीचें शिखर दिसत होतें. बोट मंद चालवून, तारेला टांगलेल्या जड गोळ्याच्या साह्यानें आमिष खोल सोडतात. मासा लागला कीं दोरी तारेपासून सुटते, आणि पुढची झुंज माणसाची व माशाची. दुपारपर्यंत भाच्यानें चार कोहो धरले.

इतक्यांत काठी कमानीसारखी वांकली. बऱ्याच ओढाताणीनंतर एक किंग बोटीच्या कडेला आला. चालकानें माप घेतलें. सत्तावीस इंच! तेथील नियमाप्रमाणें अठ्ठावीस इंचांहून आखूड किंग ठेवतां येत नाहीं.

भाचा काकुळतीस येऊन म्हणाला, "एका इंचानें काय बिघडतें? आणि येथें पाहतो कोण?"

"मी पाहतों," चालक शांतपणें म्हणाला. "तुम्ही आजचे पाहुणे. माझ्या मुलांना याच पाण्यावर पोट भरायचें आहे." त्यानें गळ सोडविला, मासा दिसेनासा झाला.

एवढे पैसे मोजून हा अपमान, असें वाटून भाचा परत येईपर्यंत बोलला नाहीं. सायंकाळीं आम्ही गांवाजवळच्या इंडियन नदीच्या कांठीं गेलों. पिंक सॅल्मनच्या झुंडी उथळ पाण्यांतून वर चढत होत्या. कित्येकांचे पर झिजले होते, कित्येक मरून कांठाला लागले होते. भाच्याच्या लहान मुलीनें विचारलें, "मामाआजोबा, बाबांनीं सोडलेला मासाही असाच आपल्या नदीला जाईल?" आम्ही कांहीं बोलण्यापूर्वीं भाचाच म्हणाला, "जाईल, बाळ." त्याचा राग तेथेंच ओसरला.

अलास्कानें १९९० सालीं माशांची खाजगी शेती बंद केली. तेथील राज्यघटनेनेंच माशांची संपत्ति टिकवून वापरण्याचा दंडक घातला आहे. तरीही यूकॉन नदींतील किंग इतके घटले, कीं २०२४ सालीं अमेरिका व कॅनडा यांनीं ते धरणें सात वर्षें थांबविण्याचें ठरविलें. आपल्याकडेही गंगेंतून प्रयागपर्यंत चढणारा हिलसा १९७५ सालीं फराक्क्याचा बंधारा सुरू झाल्यावर तिकडे दुर्मिळ झाला. गेलेलें परत आणणें किती कठीण, हें यावरून दिसतें.

रात्रीं भाच्यानें कोहो रांधला. आम्ही वरणभात खाल्ला. मासे खावे कीं न खावे, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण कोणी पाहत नसतांनाही एक इंच सोडून देणें, हा संस्कार मात्र प्रत्येक घरीं मुलांस द्यावा, असें आम्हांस वाटतें.