नदीचा मासा आणि तळ्याचा मासा

बाजारात आपण गुबगुबीत मासा निवडतो. खायला तो चांगलाच. पण बीज धरायला तोच मासा चांगला का?

आमच्या गावाजवळ जुना मालगुजारी तलाव आहे. तेथील ढीवर मंडळींनी एके वर्षी रोहूचे बीज घरीच करायचे ठरविले. माशांना कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड भरपूर घातली. मासे लठ्ठ झाले. सगळे खूश! पावसाळ्यात सुई टोचली, तर माद्यांनी अंडी थोडीच दिली. एक मादी चिरून पाहिली. आतड्याभोवती पांढरी चरबी, आणि गाभोळी मूठभर. मग बीज विकत आणावे लागले. सोसायटीची वही आम्हीच लिहीत होतो, त्यामुळे तो खड्डा आम्हांला चांगला आठवतो.

असे का झाले? रोहूच्या 100 ग्रॅम मांसात 75 ग्रॅमहून अधिक पाणीच असते. प्रथिने 16 ते 19 ग्रॅम. बाकी थोडी चरबी आणि थोडे क्षार. पाणी आणि चरबी ही तराजूची दोन पारडी समजा. चरबी वाढली की पाणी कमी होते.

नदीतला रोहू धारेशी झगडतो. शेवाळ, कुजका पाला, जे मिळेल ते खातो. त्याच्या अंगात चरबी बेताचीच साठते. तळ्यातल्या माशाला खाणे जागेवर मिळते, कष्ट नाहीत. म्हणून तो बहुधा अधिक चरबीचा निघतो. बरे, चरबी किती एवढेच पाहून भागत नाही, ती कसली हेही पाहावे लागते. पिलांचे अंग घडायला जी चरबी लागते, ती शेवाळातून आणि पाण्यातल्या बारीक जिवांतून येते. कोंड्या-पेंडीत ती फारशी नसते.

तर मग नदीचेच मासे आणावेत? तसेही नाही. बंद पाण्यात रोहू आपण होऊन अंडी घालीत नाही. 1957 साली ओडिशात अंगूळ येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्याच मेंदूखालील ग्रंथीचा रस टोचून तळ्यातल्या माशांकडून अंडी घेतली. तेव्हापासून तळ्याच्या माशावर काम भागते. मात्र त्याच त्याच घरच्या माशांची पिढ्यान्‌पिढ्या जोडी लावली, तर बीज कमजोर होते. खाण्याने अंग सुधारते, वंश सुधारत नाही. म्हणून भुवनेश्वरच्या संशोधकांनी 1992 पासून गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या नद्यांचे रोहू आणून निवड केली. त्यातूनच ‘जयंती’ रोहू निघाला.

आमच्या मंडळींनी पुढल्या वर्षी कोंडा कमी केला. माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा 2 ते 3 एवढेच खाद्य ठेवले, आणि त्यात सुकटीची पूड मिसळली. तळ्यात गर्दी होऊ दिली नाही, मधून मधून ताजे पाणी सोडले. शेण घालून शेवाळही वाढविले. ज्येष्ठात माद्या काढल्या, तर गेल्या वर्षीपेक्षा बारीक! चेअरमन म्हणाले, “गुरुजी, हे तर उपाशी दिसतात.” आम्ही पोटाला हात लावून पाहा म्हटले. पोट मऊ, मागपर्यंत फुगलेले, आणि गुदद्वार लालसर होते. नराला दाबले की पांढरे दूध येत होते.

संध्याकाळी सुई टोचून जोड्या हाप्यात सोडल्या. सकाळी पाहतो तो अंडी काचेच्या मण्यांसारखी स्वच्छ. पांढरी पडलेली, मेलेली, अगदी थोडी.